गर्भपातानंतरचे साधन कोण निवडते?

पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झाला, की बीजकोश फार दिवस विसावा घेत नाही. आठ-दहा दिवसांतच पुढचे स्त्रीबीज बाहेर पडू शकते आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत महिन्याभरात ते पडतेच. म्हणजे पुढची पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. बाळंतीण बाळाला केवळ अंगावर पाजत असेल, तर पहिले सहा महिने तिला निसर्गाचे बऱ्यापैकी संरक्षण असते. गर्भपात झालेल्या बाईला तेवढीही सवड नसते. ‘एकदा पाळी येऊ दे, मग बघू’ हे उत्तर दवाखान्यातून निघताना सर्रास ऐकू येते. वैद्यकीय हिशेबाने सगळ्यात धोक्याचे उत्तर तेच आहे.

तरीही ते उत्तर अडाणीपणातून येते असे समजणे चूक ठरेल. त्या घडीला बाई थकलेली असते, रक्त जात असते, घरी कोणाला काय सांगायचे याची जुळवाजुळव मनात चालू असते. तांबी, इंजेक्शन, गोळ्या, निरोध, ऑपरेशन यांतले काय घ्यायचे हे ती मोकळ्या मनाने ठरवू शकते का, हा खरा प्रश्न आहे. साधनांची माहिती हा त्यातला एक भाग झाला. गर्भपात कोणत्या दारात झाला, सोबत कोण होते, पैसे कोणी दिले, हातात किती दिवस होते, यांचे वजन माहितीपेक्षा पुष्कळदा जास्त भरते.

भंडारा जिल्हा हा प्रश्न समजून घ्यायला सोयीचा आहे, कारण इथे अनेक नेहमीची स्पष्टीकरणे पुरी पडत नाहीत. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाताचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या. तेव्हा राज्याचा आकडा ९२९ होता. शंभरातले त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी लोक साक्षर होते. बालविवाहाचे प्रमाण मराठवाड्याच्या मानाने बरेच कमी आहे. मुलगी शिकली, लग्न उशिरा झाले, की बाकीचे आपोआप होईल असे मानणाऱ्यांनी हा जिल्हा पाहावा. शिकलेली, सज्ञान वयात लग्न झालेली बाईसुद्धा गर्भपातानंतर कोणते साधन वापरायचे हे एकटीने ठरवतेच असे नाही.

कायद्याने तिला कोणाला विचारण्याची गरज ठेवलेली नाही. या कायद्याची सुरुवात एका महाराष्ट्रीय मंत्र्यापासून होते. १९६४ साली केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. असुरक्षित गर्भपातांत बायका दगावत होत्या, ही समितीपुढची मुख्य चिंता होती. तिच्या अहवालातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ हे गर्भपाताचे कारण कायद्याने तेव्हाच मान्य केले, मात्र विवाहित स्त्री आणि तिचा नवरा यांच्यापुरते. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ अविवाहित स्त्रीलाही आहे, असा निकाल दिला. अठरा वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी असते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. आणि गर्भपात करून हवा असेल तर अमुक साधन घ्यावेच लागेल, अशी अट या कायद्यात कुठेही नाही.

प्रत्यक्षात मात्र ती अट कित्येक वर्षे घातली गेली. ‘तांबी बसवून घे, नाहीतर ऑपरेशन कर, मग पिशवी साफ करू’ हा सौदा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या बायकांना चांगला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात ‘सेहत’ या मुंबईच्या संस्थेच्या अभ्यासकांनी राज्याच्या खेड्यांतल्या बायकांशी गर्भपाताविषयी बोलून पाहिले, तेव्हाही सरकारी दवाखाना टाळण्यामागे ही सक्ती दिसली होती. सरकारी सेवा फुकट, पण तिथे साधन गळ्यात पडते. खासगीत पैसे जातात, पण कोणी काही विचारत नाही. या हिशेबाने बाई कर्ज काढून खासगीत गेली आणि कोणतेही साधन न घेता घरी आली. संतती नियमनासाठी केलेल्या सक्तीचा परिणाम असा नेमका उलटा झाला. आजच्या सरकारी मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: साधन नाकारले म्हणून गर्भपात नाकारता येत नाही. पण सूचना बदलली तरी गावातली आठवण लगेच बदलत नाही. एका बाईला आलेला अनुभव रोवणीच्या बांधीत दहा जणींना कळतो, आणि त्यातली प्रत्येक जण आपला दवाखाना त्यावरून ठरवते.

भंडारा शहरातले जिल्हा सामान्य रुग्णालय, तुमसर आणि साकोलीची उपजिल्हा रुग्णालये, त्याखाली ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे अशी सरकारी उतरंड आहे. शिवाय महामार्गाने साठ-पासष्ट किलोमीटरवर नागपूर. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून गाव सोडून जाणारीला नागपूर सोयीचे पडते. पण लांबच्या दवाखान्याशी तिचे नाते एका फेरीपुरतेच असते. तिथे तांबी बसवली आणि आठ दिवसांनी पोटात दुखू लागले, तर विचारायचे कोणाला? गावच्या आशाताईला विचारावे, तर मुळात गर्भपात झाल्याचेच सांगावे लागते. म्हणून पुष्कळ जणी ‘आत्ता काही नको’ म्हणतात, आणि त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर ते शहाणपणाचेच वाटते.

तिसरे दार औषधाच्या दुकानाचे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. गोळ्या योग्य काळात, योग्य मात्रेत घेतल्या तर पद्धत सुरक्षित आहे. अडचण अशी, की दुकानाच्या काउंटरवर पुढच्या साधनाविषयी कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात यात आणखी एक गुंता आहे. २०११-१२ च्या सुमारास बीड जिल्ह्यातली स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणे उघडकीला आल्यावर औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांवर करडी नजर ठेवली. तपासणीचा जाच नको म्हणून बहुतेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणेच सोडले. वास्तविक या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी, आणि लिंगनिदान होते त्याच्या बरेच पुढे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा आणि सुरक्षित गर्भपाताचा कायदा यांची लोकांच्या आणि अधिकाऱ्यांच्याही मनात जी गल्लत झाली, तिची किंमत अडलेल्या बाईने मोजली. लपूनछपून मिळवलेल्या गोळीसोबत सल्ला येत नाही.

गर्भपाताची पद्धत आणि पुढचे साधन यांची सांगड वेळेवर ठरते. दवाखान्यात हाताने चालवायच्या निर्वात सिरिंजने गर्भाशय रिकामे केले, की त्याच टेबलावर तांबी बसवता येते, फक्त जंतुसंसर्गाची लक्षणे नसावीत. संसर्ग असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत तांबीला हात लावायचा नाही. ‘अंतरा’ नावाचे इंजेक्शन, ‘छाया’ नावाच्या किंवा साध्या गोळ्या त्याच दिवशी सुरू होतात. दोन मुले असून आणखी नको असलेलीला नसबंदीही त्याच वेळी किंवा सात दिवसांच्या आत करता येते. गोळ्यांनी केलेल्या गर्भपाताचे वेळापत्रक वेगळे: पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन, तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉल, पंधराव्या दिवशी तपासणी. इंजेक्शन किंवा गोळ्या तिसऱ्या दिवसापासून घेता येतात, पण तांबी पंधराव्या दिवशी, गर्भाशय रिकामे झाल्याची खात्री झाल्यावरच बसते. नसबंदी तर पुढची पाळी येऊन गेल्यावर.

तो पंधरावा दिवस भंडाऱ्यात अनेकदा हुकतो, आणि त्याचे कारण शेतीच्या पंचांगात आहे. पाऊस धरला की जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोवणीची घाई असते. परे काढून पेंड्या बांधायच्या, चिखलात वाकून रोवायच्या, बायकांच्या टोळ्या एकराच्या दराने काम घेतात. एक जण गैरहजर राहिली तर टोळीचा हिशेब बिघडतो आणि तिची त्या हंगामातली जागाही जाते. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, अधल्यामधल्या काळात विड्या वळणे. मोहाडीकडच्या कोष्टी घरांत मागाच्या कामाला बायकांचा हात लागतो. अशा बाईला ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून, घरी नवे कारण सांगून या, असे म्हणणे आहे. रक्त थांबले, बरे वाटले, की ती येत नाही. म्हणूनच तिसऱ्याच दिवशी सुरू होणारे साधन अशा बाईला आधी समजावून सांगितले पाहिजे. तांबी उत्तम म्हणून तिच्यासाठी थांबण्यात अर्थ नसतो.

तांबी हे साधन खरोखर चांगले आहे. कॉपर टी ३८० ए दहा वर्षे काम करते, ३७५ पाच वर्षे, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात तांबी वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया जेमतेम दोन टक्के निघाल्या. तांबी छातीपर्यंत चढते, पिशवीला भोक पाडते, नवऱ्याला टोचते असे समज आहेत. पैकी पहिला शरीररचनेत बसतच नाही, दुसरा प्रकार फार क्वचित घडतो, आणि तिसऱ्यावर धागा नीट कापणे हा साधा उपाय आहे. पण बायकांची एक तक्रार समज म्हणून झटकून टाकता येत नाही: तांबीने अंगावरून जास्त जाते, पांढरेही जाते. लाखांदूरला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला, आणि त्यातल्या फार थोड्या जणींनी त्याआधी कधी उपचार घेतले होते. ज्या शरीरात आधीच दुखणे साचलेले आहे, त्यात तांबी बसवली की सगळा दोष तांबीवर येतो. बसवण्याआधी नीट तपासणी आणि उपचार झाले, तर ही भीती निम्मी होईल. इथे कमी पडते ती बाईची समज नव्हे, तपासणीला दिलेला वेळ.

रक्तक्षयही साधन ठरवतो, निदान त्याने ते ठरवायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गर्भपातात रक्त गेलेले असते, त्यात तांबीने पाळीचे रक्त वाढले तर भाताच्या चिखलात दिवसभर वाकणारी बाई अधिकच खचते. विदर्भात याला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची जोड आहे. ज्यांच्यात सिकलसेलचा एकच दोष आहे, म्हणजे जे फक्त वाहक आहेत, त्यांना कोणतेही साधन चालते. प्रत्यक्ष आजार असलेल्या स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तीन महिन्यांच्या इंजेक्शनावर काहीच आडकाठी नाही. तांबी आणि दोन संप्रेरकांच्या गोळ्या चालतात, पण डॉक्टरांनी विचार करून द्याव्यात अशा वर्गात आहेत. तेव्हा पूर्व विदर्भातल्या दवाखान्यात साधनाविषयी बोलताना सिकलसेलचे कार्ड पाहणे ही नेहमीची रीत असायला हवी.

इंजेक्शन आणि छाया ही सरकारी यादीत २०१६-१७ नंतर ठळकपणे आलेली साधने. अंतरा दर तीन महिन्यांनी एकदा. घरात गोळ्यांचे पाकीट सापडण्याची भीती नाही, धागा नाही, कोणाला कळायचे कारण नाही. ज्या घरात नवरा साधनच वापरू देत नाही तिथे ही गुप्तता बाईचा मोठा आधार ठरते. पण इंजेक्शनाने पाळी अनियमित होते, थेंब थेंब जात राहते, कधी पाळी साफ बंद होते. पाळी आली नाही की घाण रक्त आत साठते असा पक्का समज आहे, आणि सतत थेंब जात असेल तर देवघरापासून, काही घरांत चुलीपासूनही दूर राहावे लागते. शिवाय नुकताच गर्भपात झालेल्या बाईला पाळी चुकणे म्हणजे पुन्हा तोच प्रसंग वाटतो. छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तिनेही पाळी पुढे जाऊ शकते. हे आधी सांगितलेले नसेल तर दुसऱ्याच महिन्यात घाबरून साधन सोडले जाते, आणि पुढच्या वेळी ‘मी ते करून पाहिलं’ म्हणून कायमचे नाकारले जाते. लवकरच मूल हवे असलेल्या नवविवाहितेला आणखी एक गोष्ट सांगायला हवी: इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसापासून सात ते दहा महिने लागू शकतात.

एवढे सगळे पर्याय असूनही महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हणजे बाईचे ऑपरेशन हेच समीकरण टिकून आहे. राज्यातल्या सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदी शंभरात एकही भरत नाही. त्यामुळे दोन मुले झालेल्या बाईला गर्भपातानंतर सुचवले जाते ते ऑपरेशन, आणि तीही अनेकदा तेच मागते, कारण आईने, जावेने, शेजारणीने तेच केलेले असते. ज्या बाईला खरोखरच आणखी मूल नको, तिच्यासाठी ही निवड चांगली आहे आणि तिला ती सुरक्षितपणे मिळायला हवी. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि १३ जणींचा मृत्यू झाला, तेव्हा उद्दिष्टांमागे धावण्याचा अर्थ देशाला कळला. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. सरकारी योजनाही निवडीवर वजन टाकतात. २०१७ च्या सुधारित ‘माझी कन्या भाग्यश्री’ योजनेत एका मुलीनंतर वर्षभरात नसबंदी केली तर ५० हजार रुपये मुलीच्या नावे ठेवण्याची तरतूद होती. मुलीचा मान वाढावा हा हेतू चांगलाच; पण भूमिहीन कुटुंबातल्या वीस-बावीस वर्षांच्या आईसाठी कायमचा निर्णय पैशाला बांधला गेला, हेही तितकेच खरे.

पुरुषांच्या वाट्याला येतो तो निरोध. गर्भपातानंतरचे पहिले साधन म्हणून तो पुष्कळ घरांत ठरतो आणि महिन्याभरात मागे पडतो. बिनटाक्याची पुरुष नसबंदी स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, कमी धोक्याची आणि स्वस्त आहे. अडवतात ते अशक्तपणाचे, नांगर धरता न येण्याचे भय आणि आणीबाणीच्या आठवणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यातल्या साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर करणारे राज्य महाराष्ट्रच होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. ती सक्ती संपली, पण पुढच्या पन्नास वर्षांत नसबंदीचा भार पुरुषांच्या अंगावरून बायकांच्या अंगावर सरकला. ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्या राज्याला हे शोभत नाही.

घरातल्या निर्णयात सासूचा शब्द गर्भपातापेक्षा साधनाच्या बाबतीत अधिक चालतो, विशेषतः मुलगा झालेला नसेल तर. दोन मुली असलेल्या बाईला तांबी ‘तात्पुरती’ म्हणून मिळते, ऑपरेशन मिळत नाही. नसबंदीसाठीही नवऱ्याची संमती सरकारी नियमांत सक्तीची नाही. बाई विवाहित, २२ ते ४९ वयाची आणि वर्षाहून मोठ्या एका अपत्याची आई असली की पुरे. तरी नवऱ्याची सही मागण्याची सवय अनेक ठिकाणी गेलेली नाही. आशाताई या सगळ्यात मधल्या जागी आहे. ती गावातलीच सून असते, विश्वासाची असते आणि म्हणूनच कधी कधी तिच्यापासून लपवावे लागते. गर्भपातानंतर तांबीसाठी बाईला दवाखान्यात आणले तर तिला १५० रुपये मिळतात. तिच्या मेहनतीला मोबदला हवाच. तो एका विशिष्ट साधनाला न जोडता समजावून सांगण्याच्या कामाला जोडलेला अधिक बरा. आणि आशाताईची नोंदवही विवाहित जोडप्यांची असल्याने अविवाहित मुलगी त्या वहीत येतच नाही. ती गर्भपाताला उशिरा येते, एकटी येते, आणि ‘आता तुला साधन कशाला?’ या एका प्रश्नाने तिचे तोंड बंद होते.

आपोआप गर्भपात झालेली स्त्री हा सगळ्यात दुर्लक्षित गट. तिला मूल हवे होते. तिच्यापुढे तांबीचा ट्रे ठेवणे हा निर्दयपणा आहे, पण तिला काहीच न सांगणे हेही बरोबर नाही. पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान सहा महिने जाऊ द्यावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ साली केली. तेवढ्या काळासाठी निरोध किंवा गोळ्या पुरतात. हे बोलणे थोडे थांबून, तिच्या दुःखाची दखल घेऊन, शक्य तर नवऱ्यालाही सोबत बसवून व्हायला हवे.

साधन बदलण्याची आणि काढून घेण्याची सोय हा निवडीचाच भाग आहे. तांबी बसवताना हसतमुख असणारा दवाखाना ती काढून मागितल्यावर ‘अजून थोडे दिवस बघा’ म्हणू लागला, तर गावात बातमी जाते की एकदा बसवली की सुटका नाही, आणि पुढच्या चार जणी ती नाकारतात. त्रास होतो म्हणून किंवा नुसते नकोसे झाले म्हणून आलेल्या बाईची तांबी त्याच दिवशी काढून देणे, कारण खोदून न विचारता, आणि दुसरे काय चालेल हे तिलाच विचारणे, यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवा कायदाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली प्रशिक्षित परिचारिका ते काही मिनिटांत करू शकते.